तेहेतीस वर्षं कॅसेटवर ऐकलेला बँड, आणि नेमका त्याच संध्याकाळी साखरपुडा

१७ मे २०२५ च्या आधी सल्ला विचारायला आलेलं हे पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ४८ वर्षांच्या, राहायला डोंबिवलीला, नोकरी मुंबईत, घरी मिस्टर आणि बारावीला गेलेला मुलगा. लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. १९९२ च्या आसपास मोठ्या भावाने काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडची कॅसेट आणली आणि तेव्हापासून हा बँड त्यांचा झाला तो झालाच. मार्च २०२५ मध्ये कळलं की १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर त्यांचा शो आहे. घरचे झोपल्यावर रात्री त्यांनी भिशीच्या पैशांतून एक तिकीट काढलं, कोणाला काही बोलल्या नाहीत. आणि आता त्याच शनिवारी संध्याकाळी बदलापूरला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा ठरलाय. त्या विचारतात, "ऑफिसात ऑडिट आहे असं सांगून जाऊ का, की तिकीट विकून मोकळी होऊ? मला इंग्रजी धड येत नाही, गाण्यांचे शब्द मी वहीत देवनागरीत लिहून पाठ करायचे, तिथे सगळी वेगळीच माणसं असणार. मुलगा म्हणतो गायकाचा आवाज आता राहिला नाही, यूट्यूबवर बघ की. या वयात एकटीने असं जाणं शोभतं का?"

ताई,

आधी वहीबद्दल बोलूया, कारण तुमच्या पत्रात त्या वहीचा उल्लेख एका ओळीत येतो आणि तोही लाज वाटल्यासारखा, आणि मला मात्र तीच ओळ सगळ्यात आवडली. टेप रिवाइंड करायचा, एक ओळ ऐकायची, पॉज करायचं, कानाला जे लागलं ते देवनागरीत लिहायचं, परत रिवाइंड. असं करत एक गाणं उतरवायला किती संध्याकाळी गेल्या असतील, आणि शेजारच्या खोलीतून आवाज कमी करा म्हणून ओरडाही बसत असेलच. त्यातले निम्मे शब्द चुकले असतील, असू देत. आपल्याकडे बंदिशी ऐकणाऱ्या किती जणांना त्यातली ब्रज भाषा कळते? मला नाही कळत, माझ्या आईलाही कळायची नाही, तरी यमन सुरू झाला की ती हातातलं काम थांबवायची आणि कोणी तिला कधी विचारलं नाही की तुला शब्द येतात का म्हणून. गाणं ऐकायला परीक्षा द्यावी लागते हे तुमच्या डोक्यात कोणी भरवलं माहीत नाही, पण इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात ते असतं. मराठी शाळेत शिकलेल्या, चाळीत वाढलेल्या माणसाला वाटतं की हे संगीत कुलाबा-बांद्र्याच्या लोकांचं, आपण त्यात चोरून शिरलोय.

खरं तर मुंबईत हे संगीत आपल्या अगदी रोजच्या रस्त्यावर होतं. धोबीतलावला रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे, तिथे २६ मार्च १९८० ला द पोलीस हा बँड वाजवून गेला, पुढे १९८६ पासून आय-रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला आणि वर्षानुवर्षं गिरगाव, परळ, दादर, ठाणे, कुठून कुठून पोरं लोकलने यायची. शेजारी हॉस्पिटलं आणि कॉलेज, त्यामुळे सायलेन्स झोनचा नियम लागू झाला आणि तिथले कार्यक्रम बंद पडले, मला त्याचं अजून वाईट वाटतं. मग २००३ ला रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्नवर, २००७ ला रॉजर वॉटर्स, २०१९ ला यू-टू नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आणि जानेवारी २०२५ ला तिथेच कोल्डप्लेचे तीन शो. या सगळ्या गर्दीत डोंबिवली, विरार, पनवेलची माणसं नव्हती असं वाटतं तुम्हाला?

माझा स्वतःचा पहिला मोठा शो १ फेब्रुवारी २००८ चा, बीकेसीत, आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा. त्यांची पूर्ण वर्ल्ड टूर त्या रात्री मुंबईतून सुरू झाली, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः पायलट, बँड आणि सामान भरलेलं बोइंग ७५७ तोच उडवत होता. मी ऑफिसातून थेट गेले होते, सलवार-कमीज, खांद्याला डब्याची पिशवी, आणि गेटवर पोचेपर्यंत मला अगदी तुमच्यासारखंच वाटत होतं की सगळे आपल्याकडेच बघणार. आत माझ्या पुढे एक गृहस्थ होते, शर्ट इन केलेला, वरच्या खिशात पेन, पन्नाशीचे तरी असतील, आणि पहिलं गाणं सुरू झाल्यापासून ते हुंदके देऊन रडत होते आणि गातही होते. त्यांच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. सगळ्यांचे डोळे स्टेजवर असतात हो. आणि अजून एक गोष्ट मला तिथे गेल्यावरच कळली, ती म्हणजे ड्रमचा बास कानाला कळायच्या आधी छातीला कळतो, पायाखालची जमीन हलते, हेडफोनमध्ये कितीही चांगला आवाज असला तरी हे होत नाही. म्हणून "यूट्यूबवर बघ की" हा सल्ला मला पटत नाही. यूट्यूबवर तुम्ही शो बघाल, पण तिथे तुम्ही नसाल.

आता आवाजाचं. मुलगा चुकीचं बोलत नाहीये, हे मान्य करून पुढे जाऊ. या बँडचा गायक ॲक्सल रोझ ६३ वर्षांचा आहे, पहिला अल्बम आला १९८७ ला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. ती वरची किंचाळी, तो खरखरीत ताण आता तसाच मिळेल ही अपेक्षा घेऊन गेलात तर हिरमोड होईल, हे मी आत्ताच सांगते, नंतर मला दोष देऊ नका. पण हा विचार करा की पंडित भीमसेन जोशी २००७ ला सवाईच्या स्वरमंचावर बसले तेव्हा ते पंच्याऐंशीच्या घरात होते, आणि मंडपातल्या लोकांनी काय १९६० सालचा आवाज मागितला? लोकांनी जे मिळालं ते डोळे पुसत घेतलं. शास्त्रीय गायकाला आपण म्हातारं व्हायची परवानगी देतो, रॉक गायकाला का नाही देत? कदाचित त्याचा पंचविशीतला फोटोच आपल्या भिंतीवर इतकी वर्षं चिकटलेला असतो म्हणून. आणि त्या रात्री स्टेजवर फक्त आवाज नसणार. गिटारवाला स्लॅश १९९६ ला बँड सोडून गेला होता, बास गिटार वाजवणारा डफ मॅकेगन त्याच्या पुढच्या वर्षी, आणि दोघं परत आले ते २०१६ ला, जवळजवळ वीस वर्षांनी. डिसेंबर २०१२ ला बँड मुंबईत आला तेव्हा हे दोघं नव्हते. तुम्ही लिहिलंय की तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता म्हणून जमलं नाही आणि ती हळहळ अजून आहे. तर ताई, तेव्हा जे हुकलं त्यात तुमच्या कॅसेटवरचा तो गिटारवाला नव्हताच, तो आत्ता पहिल्यांदा येतोय तुमच्या शहरात या बँडबरोबर. गिटारीचा हात गळ्यासारखा थकत नाही. 'नोव्हेंबर रेन' गाण्यातला तो गिटारचा सोलो तुम्ही ज्या माणसाच्या बोटांतून ऐकलात त्याच माणसाच्या बोटांतून समोर ऐकायला मिळणार असेल तर मी आवाजाची चिंता बाजूला ठेवेन.

हे सगळं बोलून झालं तरी मूळ अडचण साखरपुड्याची आहे. मी काही "मन सांगेल ते करा" म्हणणार नाही, नाती सांभाळायला मेहनत लागते आणि ती तुम्ही वीसेक वर्षं केलेली आहे हे पत्रातून दिसतं.

एक एक करून बघू. ऑडिटची थाप मला अजिबात पसंत नाही. खोटं बोलणं वाईट वगैरे सोडून द्या, मला वेगळीच भीती वाटते. इतकी वर्षं वाट बघून तुम्ही तिथे जाल आणि परत आल्यावर कोणाला सांगताच येणार नाही. सकाळी चहा करताना गुणगुणायचीही चोरी. आणि एवढ्या गर्दीत ऑफिसातलं, सोसायटीतलं कोणीतरी भेटतंच, फोटो कुठून तरी येतोच, मग नणंदेला तुमच्या न येण्यापेक्षा थापेचा राग जास्त येईल, आणि तो रास्त असेल. तुम्ही चोरीचं काही करत नसताना ते चोरीचं कशाला करायचं?

तिकीट विकणं हा पर्याय सरळ आहे पण पत्रात तुम्ही तो लिहिलाय तो दात काढून टाकायच्या सुरात, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही. विकायचंच ठरलं तर जिथून काढलं तिथे ट्रान्सफर किंवा परतीची काही अधिकृत सोय आहे का ते आधी बघा, व्हॉट्सॲपवरच्या अनोळखी माणसाशी व्यवहार करू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या तिकिटांचा जो काळाबाजार झाला तो सगळ्यांनी पाहिलाय.

दोन्ही एकाच संध्याकाळी जमवायचा विचारही डोक्यातून काढा. बदलापूरहून दादर सव्वा-दीड तास, पुढे महालक्ष्मी, साखरपुड्यातून अर्ध्यात उठून पळाल तर तिथेही वाईट दिसेल आणि इथे पोचाल तेव्हा निम्मा कार्यक्रम संपलेला असेल.

राहिलं काय, तर खरं सांगणं. आणि इथे मला तुम्हाला एक विचारायचंय. साखरपुड्यात मामीचं नेमकं काम काय असतं? लग्न असतं तर मी तुम्हाला डोळे झाकून सांगितलं असतं की तिकीट विका, कारण मामा मुलीला मंडपात घेऊन येतो आणि त्या क्षणी मामी शेजारी नसणं हे भाचीला आयुष्यभर आठवेल. साखरपुड्यात मामा असले, ओटीचं सामान वेळेवर पोचलं, की विधी अडत नाही. तुमची अनुपस्थिती जाणवेल, बोललंही जाईल, पण ती भरून काढता येण्यासारखी आहे, आणि हा शो परत कधी होईल याची कोणी खात्री देत नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय की लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. म्हणजे भाचीसाठी करायला तुमच्याकडे सहा महिने आहेत.

सांगायचं कसं? आधी मिस्टरांना, आजच, जेवणं झाल्यावर, मुलासमोर नको. तिकीट दाखवा. तुम्हाला भीती आहे की ते पैशांवरून बोलतील. भिशी तुमची, पगार तुमचा, कर्ज नाही, घरातला कुठला हप्ता थकला नाही, हे शांतपणे सांगा आणि त्यापुढे सफाई देत बसू नका. (हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, क्रेडिट कार्डवर ओढून किंवा उसने घेऊन तिकीट काढायचा विचार असेल तर माझं उत्तर वेगळं आहे, काढू नका, त्या तीन तासांचे हप्ते पुढे वर्षभर टोचतात.) आणि त्यांना कॅसेटची गोष्ट सांगा. वीस वर्षांच्या संसारात त्यांना त्या वहीबद्दल माहीत आहे का? मला शंका आहे.

मग नणंदेला फोन. मेसेज नाही, फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नाही, आणि नवऱ्याकरवी निरोप नाही, तुम्ही स्वतः. काहीतरी असं, "वन्सं, रागवाल कदाचित पण खोटं बोलायचं नाही म्हणून सांगतेय, मी पंधरा-सोळा वर्षांची असल्यापासून ज्यांची गाणी ऐकते ते लोक त्या दिवशी मुंबईत येतायत, तिकीट मार्चमध्येच काढलंय, मी संध्याकाळी नसेन, पण शुक्रवारी रात्री मुक्कामाला येते, शनिवारी दुपारपर्यंत जे काम असेल ते माझ्यावर टाका." त्या रुसल्या तर रुसू देत थोड्या. लगेच समजूत घालायला जाऊ नका आणि "बरं जाऊ दे, येते मी" असंही घाईने म्हणू नका, चार दिवस जाऊ द्या. भाचीशी मात्र वेगळं बोला, मला वाटतं तीच तुमची बाजू घेईल. आणि समजा तिने मनापासून सांगितलं की मामी, मला तू त्या संध्याकाळी हवीच आहेस, तर मग परत विचार करा. तो हट्ट कार्ड छापणाऱ्यांचा नसेल, ज्या मुलीचा दिवस आहे तिचा असेल, आणि तेव्हा तिकीट मुलाला देऊन टाकलंत तरी मी तुम्हाला चूक म्हणणार नाही.

एकटीने जाण्याबद्दल. मुलाला घेऊन जाऊ का असं तुम्ही शेवटी विचारलंय. तिकीट एकच आहे म्हणून नाही, पण पहिल्यांदा एकट्याच जा असं मला वाटतं. तो बरोबर असेल तर तुम्ही तीन तास त्याला भूक लागली का, पाय दुखतात का, कंटाळला का हेच बघाल. आईची ती सवय जात नाही.

आता तयारी, आणि ही पहिल्यांदा जाणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. मे महिन्यातली मुंबई आहे, सुती सैल कपडे घाला, पायात वापरलेले बूट, नवे नकोत आणि चपला तर नकोतच, पायावर पाय पडतात. तिकिटासोबत आलेल्या सूचना नीट वाचा, कुठली बॅग चालते आणि काय आत नेता येत नाही ते त्यात असतं. बाटली बहुतेक ठिकाणी गेटवर काढून घेतात, म्हणून आत गेल्या गेल्या पाण्याची आणि बायकांच्या टॉयलेटची जागा बघून ठेवा, अंधार पडल्यावर शोधणं कठीण. तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढा, गर्दीत नेटवर्क मरतं. दुपारी व्यवस्थित जेवून निघा, वरण-भात-तूप, उपाशीपोटी उन्हात उभं राहून चक्कर येणारी माणसं मी दर वेळी बघते. पुढे कठड्याला चिकटायचा मोह सोडा, तिथे धक्काबुक्की असते आणि आवाजही फुटका येतो. मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचा मंडप असतो, तिथे बसून ते आवाज जुळवतात, म्हणजे त्यांना जे ऐकू येतं तेच सगळ्यात चांगलं. तुमच्या तिकिटाच्या भागातून जाता येत असेल तर त्या मंडपाच्या आसपास थांबा, पाठ टेकायला जागाही मिळते. केमिस्टकडून कानातले फोमचे बोळे घेऊन ठेवा, शंभर-दीडशेच्या आत येतात. अशा शोला आवाज १०० डेसिबलच्या आसपास सहज जातो, आणि दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहिली की मग कळतं. बोळ्यांनी आवाज थोडा दबतो, पण गाणं ऐकू येतंच.

फोन दोन गाण्यांपुरता बाहेर काढा, मग पर्समध्ये. स्लॅशचा सोलो तर अजिबात रेकॉर्ड करू नका, त्याचे हजार व्हिडिओ रात्रीच सापडतील.

परत येणं तुम्हाला वाटतंय तितकं अवघड नाही. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा २००० सालापासूनचा नियम आहे, म्हणून मुंबईतले मोठे शो उजेड असतानाच सुरू होतात आणि साधारण दहाला आवरतात. हा बँड अडीच-तीन तास वाजवतो आणि शेवटी बहुतेक 'पॅराडाइज सिटी' हे गाणं असतं, त्यामुळे ते सुरू झालं की समजा संपत आलं, पण ते सोडून गेटकडे पळू नका, गर्दी टाळायला लोक असं करतात आणि मला ते बघवत नाही. संपल्यावर दहा मिनिटं जागेवरच थांबा, लोंढा जाऊ द्या. रेसकोर्सवरून महालक्ष्मी स्टेशन चालत, गर्दीबरोबर चला, टॅक्सीच्या मागे लागू नका, त्या वेळी काय वाट्टेल ते सांगतात. परतीचं लोकलचं तिकीट सकाळीच काढा किंवा पास असेल तर उत्तमच. महालक्ष्मीला स्लो गाडी, तिसरं स्टेशन दादर, तिथे पुलावरून सेंट्रलला, आणि मग तुमची कल्याण फास्ट. अकराच्या सुमारास दादर सुटलं तरी बाराच्या आत-बाहेर डोंबिवली. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतात, त्याच डब्यात बसा. मिस्टर तर तेव्हा बदलापूरहून परतीच्या गाडीत असतील, त्यांना म्हणावं डोंबिवलीला उतरून स्टेशनवरच थांबा, दोघं मिळून रिक्षाने घरी जा. साखरपुड्यातली पेढ्यांची पुडी त्यांच्याकडे असेल, आणि तुम्हाला तेव्हा फार भूक लागलेली असेल.

वही मात्र शुक्रवारी माळ्यावरून काढून ठेवा. भाऊ आता कुठे आहे ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. जिथे असेल तिथे त्याला आधी एक फोन करा.